होय, नाही आणि तिसरे उत्तर

एक मीटर उंचीवरून पोलादी गोळी सोडली तर ती खाली यायला किती वेळ लागतो? समीकरण पाठ असेल तर उत्तर लगेच निघते : सुमारे ०.४५२ सेकंद. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हेच गणित उलट बाजूने करतात. विद्युतचुंबक गोळी सोडतो तो क्षण आणि गोळी खालचा प्रकाशकिरण तोडते तो क्षण, हे दोन्ही संगणक टिपतो. मधल्या वेळावरून विद्यार्थी गुरुत्वत्वरण काढतात. ९.८ च्या जवळ उत्तर आले की चेहरे खुलतात.

गेल्या वर्षी मात्र चेहरे खुलेनात. एकाच गोळीने एकाच उंचीवरून कधी ९.७९ येई, तर कधी ९.५८. एका मुलीने वहीवरून मान वर करून विचारले, "सर, पृथ्वी अधूनमधून दमते का?"

पृथ्वी दमत नव्हती, संगणक दमत होता. थोडा हिशेब करा. वेळ मोजण्यात फक्त ५ मिलिसेकंदांचा उशीर झाला, म्हणजे ०.४५२ ऐवजी ०.४५७ सेकंद नोंदले गेले, तरी गुरुत्वत्वरण ९.५८ च्या आसपास येते. समीकरणात वेळेचा वर्ग असल्याने वेळेतील एक टक्का चूक उत्तरात दोन टक्के होऊन बसते. प्रश्न असा, की हे पाच मिलिसेकंद खात कोण होते?

उत्तर शोधता शोधता मी संगणकाच्या गाभ्यापर्यंत पोहोचलो आणि तेथे दोन आठवडे अडकून पडलो. त्या दोन आठवड्यांची ही हकिकत आहे.

गाभा म्हणजे काय?

संगणकावर आपण जे प्रोग्राम चालवतो, ते यंत्राला थेट हात लावत नाहीत. तबकडीवरून काही वाचायचे असो की पडद्यावर अक्षर काढायचे असो, प्रत्येकाला मधल्या एका अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. हा अधिकारी म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, अर्थात कर्नल. एकाच फलाटाच्या स्थानकावरील स्टेशन मास्तर डोळ्यांसमोर आणा. गाड्या अनेक, फलाट एक. कोणती गाडी केव्हा आत घ्यायची हे मास्तर ठरवतो. आमचा कालमापनाचा प्रोग्राम ही तातडीची गाडी होती, पण मास्तर दुसऱ्याच कामात गुंतलेला असला की तिला बाहेरच्या सिग्नलला उभे राहावे लागे. ते थांबणे म्हणजेच आमचे पाच मिलिसेकंद.

आमच्या संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली आहे. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने १९९१ साली तिचा गाभा लिहावयास घेतला. पहिल्या आवृत्तीत सुमारे १० हजार ओळी होत्या, आज त्या ३ कोटींच्या वर आहेत. ह्या सगळ्या ओळी कोणालाही मोफत मिळतात, वाचता येतात आणि बदलताही येतात. आम्हाला हवी असलेली सोयही त्यात आहे. तातडीचे काम आले की गाभ्याने आपले स्वतःचे कामसुद्धा बहुतेक ठिकाणी मध्येच सोडून तिकडे धावायचे, अशी ही सोय. थॉमस ग्लाइक्सनर, इंगो मोलनार आणि त्यांचे सहकारी सुमारे २० वर्षे ती मूळ गाभ्याबाहेर वाढवीत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ या आवृत्तीत ती मूळ गाभ्यात दाखल झाली. ती चालू करून गाभा नव्याने बांधायचा, एवढाच माझा बेत होता.

(असा बांधलेला गाभा काही ठिकाणी तयारही मिळतो, हे मला नंतर कळले. कळले नव्हते तेच बरे झाले.)

पंधरा हजार प्रश्न

गाभा बांधणे म्हणजे माणसाने लिहिलेल्या त्या ओळींचे यंत्राच्या भाषेत संकलन करणे. मात्र सगळ्याच ओळी घ्यायच्या नसतात. तुमच्या संगणकात जे उपकरण नाही, त्याची आज्ञावली हवी कशाला? म्हणून संकलनापूर्वी गाभा आपल्याला प्रश्न विचारतो : ह्या तऱ्हेची तबकडी आहे का? अमुक पद्धतीची फाईल-रचना वाचता यायला हवी का? अशा पर्यायांची एकूण संख्या १५ हजारांहून अधिक आहे. प्रत्येकाला केवळ 'होय' किंवा 'नाही' म्हणायचे ठरले, तरी उत्तरपत्रिका किती प्रकारच्या होतील? दोनाचा पंधरा हजारावा घात. ही संख्या लिहायला ४,५१६ अंक लागतात. दृश्य विश्वातील सर्व अणूंची अंदाजे संख्या लिहायला ८१ पुरतात! तेव्हा सगळ्या जुळण्या तपासून पाहणे कोणालाही शक्य नाही, आणि चुका इथेच दबा धरून बसतात.

सर्व उत्तरे एका साध्या मजकुराच्या फाईलीत साठवली जातात. तिच्यात एक गंमत आहे. पुष्कळ संगणकीय भाषांत # ह्या चिन्हाने सुरू होणारी ओळ म्हणजे नुसता शेरा, यंत्राने दुर्लक्ष करण्याचा. इथे मात्र 'अमुक पर्याय निवडलेला नाही' हे उत्तर # ने सुरू होणाऱ्या ओळीतच लिहिलेले असते आणि यंत्र ते गंभीरपणे वाचते. शेरा समजून मी अशा काही ओळी पुसल्या. पुढच्या खेपेस गाभ्याने तेच प्रश्न मला नवे म्हणून पुन्हा विचारले.

सगळे प्रश्न कोणी हाताने सोडवीत नाही. चालू असलेल्या गाभ्याची उत्तरपत्रिका आधी उचलायची. ती पुष्कळ मोठी असते, कारण लिनक्स पुरवणाऱ्या संस्थांना जगातल्या सगळ्या संगणकांची सोय पाहावी लागते. आमच्या जुन्या यंत्रावर तेवढे संकलन करायचे तर रात्र पुरली नसती. त्यासाठी एक सुरेख आज्ञा आहे, 'मेक लोकलमॉडकॉन्फिग'. ह्या घटकेला गाभ्याचे कोणते सुटे भाग वापरात आहेत ते ती पाहते आणि बाकीचे सुटे भाग उत्तरपत्रिकेतून वगळते. मी ती चालवली. यादी झरकन आटली आणि मी खूष झालो. ह्या आज्ञेकडे पुढे परत यायचे आहे, तेव्हा ती लक्षात असू द्या.

दिसत नाही म्हणजे नाही असे नाही

पहिली अडचण अशी, की मला हवा असलेला पर्याय यादीत दिसेचना. मी सगळ्या पाट्या उघडून पाहिल्या, आवृत्ती पुन्हा तपासली. शेवटी शोधाची सोय सापडली. यादीत असताना / ही कळ दाबून पर्यायाचे नाव टाकले, की तो कशावर अवलंबून आहे आणि त्या गोष्टींची सध्याची किंमत काय, हे पडद्यावर येते. त्यात कळले, की तातडीचा पर्याय 'एक्स्पर्ट' नावाच्या दुसऱ्या पर्यायावर अवलंबून आहे आणि तो बंद आहे. ज्याच्या अटी पुऱ्या होत नाहीत तो पर्याय यादीत दिसतच नाही. 'एक्स्पर्ट' चालू केला आणि हवी ती ओळ समोर आली. अडकलेल्या कोणालाही मी आज ही / कळ सर्वांत आधी सांगतो.

दुसरी अडचण संकलन सुरू झाल्यावर आली. काही मिनिटांतच काम थांबले : एक प्रमाणपत्राची फाईल हवी आहे आणि ती बनवण्याचा नियम मला माहीत नाही. ती फाईल माझ्याकडे असणारच नव्हती. उत्तरपत्रिका दुसऱ्याची उचललेली, तेव्हा तिच्यात त्यांच्या घरचा पत्ता राहून गेला होता. 'सिस्टिम ट्रस्टेड कीज' ह्या पर्यायासमोरचे अवतरणचिन्हांतले नाव पुसून नुसती रिकामी अवतरणचिन्हे ठेवली आणि संकलन पुढे सरकले. अशा वेळी पडद्यावरची शेवटची ओळ वाचून उपयोग नसतो. ती एवढेच सांगते, की काम थांबले. कशामुळे थांबले ते दहा-वीस ओळी वर असते.

किल्ली कपाटात

गाभा बांधून झाला. नवी फाईल मी हाताने तिच्या जागी ठेवली आणि संगणक पुन्हा सुरू केला. पडद्यावर इंग्रजी ओळींचा लोंढा आला आणि गोठला. शेवटच्या ओळीचा अर्थ असा : मूळ फाईल-रचना जोडता येत नाही, ठिकाण अज्ञात (०,०).

आमच्या प्रयोगशाळेतले मामा मागे उभे होते. ते म्हणाले, "सर, गेला का?"

"गेला नाही मामा. जुना गाभा जपून ठेवलाय. सुरुवातीच्या यादीतून तो निवडला की उठेल."

आणि तो उठला. नवा गाभा बसवताना जुना कधीही पुसायचा नसतो, एवढी एक गोष्ट मी पहिल्यापासून बरोबर केली होती.

झाले होते काय? ते समजण्यासाठी तिसऱ्या उत्तराची ओळख करून घ्यायला हवी. गाभ्याच्या पुष्कळ प्रश्नांना 'होय' (वाय) आणि 'नाही' (एन) यांच्या जोडीला 'मॉड्यूल' (एम) असे आणखी एक उत्तर असते. 'होय' म्हणजे तो भाग गाभ्यातच शिवलेला. 'मॉड्यूल' म्हणजे तो वेगळ्या फाईलीत ठेवलेला, गरज पडली की तबकडीवरून उचलून जोडायचा. आता पाहा : आमच्या उत्तरपत्रिकेत तबकडी वाचणारा भागच मॉड्यूल होता. तो तबकडीवर, आणि तबकडी वाचायला तो हवा. कपाटाची किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप!

ह्यावर नेहमीचा उपाय असा, की असे भाग एका छोट्या गाठोड्यात बांधून गाभ्याबरोबर स्मृतीत आधीच चढवतात. मी फाईल हाताने ठेवल्यामुळे ते गाठोडे बांधलेच गेले नव्हते. ते बांधून मोकळे होता आले असते. पण मी हट्टाला पेटलो होतो. ते भाग 'होय' करून गाभ्यातच शिवायचे मी ठरवले.

फाईल-रचनेचा भाग, ईएक्सटी४, सहज 'होय' झाला. तबकडीच्या नियंत्रकाचा भाग, एएचसीआय, मात्र 'मॉड्यूल'च्या वर चढेना. पुन्हा / कळ दाबली. तो 'एटीए' ह्या भागावर अवलंबून होता आणि एटीए स्वतः मॉड्यूल होता. जो पाया नंतर येणार, त्यावरची भिंत आधी कशी उभी राहील? म्हणून आधी एटीए 'होय' केला आणि मग एएचसीआयही 'होय' झाला. एटीएने आपल्याबरोबर 'स्कझी' नावाच्या आणखी एका भागालाही आपोआप 'होय' करून घेतले.

पुन्हा संकलन, पुन्हा सुरुवात. पुन्हा तोच संदेश, तेच (०,०).

ह्या वेळी मी घाईने बटन दाबले नाही. विद्युतमंडल बंद पडले तर आपण काय करतो? व्होल्टमापक घेऊन एका टोकापासून बिंदू-बिंदूला तपासत जातो. तसेच केले. वरच्या ओळींत लिहिले होते, की नियंत्रक सापडला आणि तबकडीशी दुवाही जुळला. खाली गाभा उपलब्ध विभागांची यादी देतो, ती मात्र रिकामी. म्हणजे वीज इथवर आली आणि पुढे गेली नाही, दोष ह्या दोन बिंदूंच्या मध्ये आहे. लिनक्समध्ये साध्या साटा तबकडीलाही स्कझी ह्या जुन्या पद्धतीच्या वेषात पुढे यावे लागते, आणि त्या वेषातील तबकडीला ओळखणारा 'स्कझी डिस्क' हा भाग अजून मॉड्यूलच राहिला होता. एटीएने स्कझीला वर ओढले होते, स्कझी डिस्कला नाही. तो 'होय' केला आणि तिसऱ्या खेपेस यंत्र उठले. मामांनी चहा सांगितला.

लहानातला लहान, मोठ्यातला मोठा

'मॉड्यूलच्या वर चढेना' असे मी म्हटले, ते नुसते बोलण्यापुरते नव्हते. गाभ्याच्या उत्तरांना खरोखर अंकांच्या किमती आहेत : नाही = ०, मॉड्यूल = १, होय = २. 'अ आणि ब' याची किंमत दोघांतील लहान, 'अ किंवा ब' याची दोघांतील मोठी आणि 'अ नाही' याची किंमत २ वजा अ. रोमन झिप्पेल यांनी लिहिलेली ही प्रश्नावलीची भाषा ऑक्टोबर २००२ मध्ये गाभ्याच्या २.५.४५ ह्या आवृत्तीत आली. तिचे नाव केकॉन्फिग.

हे तर्कशास्त्र तुमच्या पुस्तकातले नाही. पुस्तकातले जॉर्ज बूल यांचे, त्यात फक्त ० आणि १. विजेच्या खटक्यांना तेच गणित लागू पडते हे क्लॉड शॅनन यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले. तिसरी किंमत घेऊन तर्कशास्त्र मांडणारे पोलंडचे यान लुकासिएविच. त्यांनी १९२० मध्ये ०, अर्धा आणि १ अशा किमती घेतल्या, आणि 'लहान, मोठा, वजा' हे नियमही त्यात आहेत. किमती दुप्पट करा, की गाभ्याचे गणित हातात येते.

तीन किमती घेतल्या की एक विलक्षण गोष्ट घडते. गाभ्याच्या फाईलींत जागोजाग अशी अट दिसते : हा भाग 'ब किंवा ब-नाही' यावर अवलंबून आहे. बूलच्या डोळ्यांनी पाहिले तर ही अट निरर्थक आहे. पाऊस पडतो किंवा पडत नाही, यातून काय कळले? पण आता किमती घालून पाहा. ब जर २ असेल तर २ आणि ० यांतील मोठा २. ब जर ० असेल तर ० आणि २ यांतील मोठा, पुन्हा २. आणि ब जर १ असेल? तर १ आणि (२ वजा १), म्हणजे १ आणि १. मोठा १! ब मॉड्यूल असेल तर आपल्या भागालाही मॉड्यूलच्या वर जाता येणार नाही, असा त्या अटीचा अर्थ निघतो. आयपीव्ही६ ह्या जाळ्याच्या पद्धतीसाठी ही ओळ वर्षानुवर्षे अनेक ठिकाणी लिहिली गेली आहे. पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती छपाईची चूक वाटली होती.

ती अट विसरली तर काय होते? गाभ्यात शिवलेला भाग ब मधील एखादे कार्य हाक मारून बोलावतो, पण ब वेगळ्या फाईलीत, अजून न जोडलेला. सगळे भाग एकत्र सांधताना जोडणारा प्रोग्राम तक्रार करतो, की ह्या नावाचे कोणी इथे राहत नाही. संकलनात 'अनडिफाइन्ड रेफरन्स' असा संदेश दिसला तर हे कारण असण्याचा संभव मोठा. ही चूक वापरणाऱ्याची नसून भाग लिहिणाऱ्याची असते. अशा चुका पकडण्यासाठी एक मजेदार आज्ञा आहे, जी सर्व प्रश्नांना फासे टाकल्यासारखी उत्तरे देते. इंटेल कंपनीने चालवलेली यंत्रे अशा यादृच्छिक उत्तरपत्रिकांवरून गाभे बांधून पाहतात आणि मोडले की लेखकाला पत्र धाडतात.

'अवलंबून' ही वरची मर्यादा, तर एटीएने स्कझीला ओढले ती 'निवड' म्हणजे खालची मर्यादा. निवड करणारा भाग दुसऱ्याला वर ढकलतो, पण त्या दुसऱ्याच्या स्वतःच्या अटी पुऱ्या झाल्या की नाही हे पाहत नाही. मग 'अटी पुऱ्या न होता निवडला गेला' असा इशारा येतो. पुष्कळ जण हा इशारा ओलांडून पुढे जातात आणि अर्ध्या तासाने संकलन मोडले की दुसरीकडेच शोधत बसतात. माझे मत असे, की ह्या निवडीचा वापर गाभ्यात गरजेपेक्षा जास्त झाला आहे. लिहिणाऱ्याची सोय होते आणि शोधणाऱ्याची दमछाक.

परीक्षेची सकाळ

नवा गाभा छान चालला. गोळी वीस वेळा टाकली, उत्तरे एकमेकांना चिकटून आली. ती विचारणारी मुलगीही समाधान पावली. मी निर्धास्त घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी तृतीय वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. साडेआठला सुरुवात. साडेसातला मामा धावत आले : "सर, गायगरचा आकडा येत नाही." गायगर-म्यूलर गणित्र त्याच संगणकाला यूएसबीच्या एका छोट्या परिवर्तकातून जोडलेले असते. तार नीट, दिवा लागलेला, आणि संगणकाला मात्र पत्ताच नाही. बाहेर सहा मुले पठार-आलेखाची वही घेऊन उभी.

ती आज्ञा आठवली का? 'ह्या घटकेला वापरात असलेले सुटे भाग' ठेवणारी? मी ती चालवली त्या संध्याकाळी गणित्राची तार काढून कपाटात ठेवलेली होती. परिवर्तकातील सीएच३४१ ह्या चकतीचा भाग त्या घटकेला वापरात नव्हता, म्हणून तो गेला. आज्ञेने सांगितले तेच चोख केले होते. चौकशी मी करायला हवी होती.

जुना गाभा सुरुवातीच्या यादीत होताच. दोन मिनिटांत यंत्र त्यावर उठले, आकडा आला आणि परीक्षा वेळेवर सुरू झाली.

दुपारी काम पुन्हा केले, आणि ते जुन्याच गाभ्यावर बसून, मूळ मोठ्या उत्तरपत्रिकेपासून केले. कारण ही आज्ञा फक्त वगळते, वगळलेले परत आणत नाही. आटलेल्या यादीवर ती पुन्हा चालवली असती तर सीएच३४१ परत आला नसता. आधी गणित्र, छपाईयंत्र, पेनड्राइव्ह, जे जे वर्षभरात लागते ते सगळे जोडले आणि मग आज्ञा दिली. गाभ्याबरोबरच मिळणाऱ्या 'डिफकॉन्फिग' नावाच्या छोट्या प्रोग्रामने दोन उत्तरपत्रिकांतील फरक छापून काढला आणि मामांना वाचून दाखवला. उपकरणांची माझ्यापेक्षा त्यांना अधिक माहिती. त्यांनीच विचारले, "आणि सर, तो फेब्रुवारीत काढतो तो वर्णपटमापक?" तो मी विसरलो होतो. कपाटातून काढला, जोडला, आज्ञा पुन्हा चालवली.

आता तुमच्यासाठी एक कोडे. 'अ' हा भाग 'ब आणि क-नाही' यावर अवलंबून आहे. ब = होय, क = मॉड्यूल. 'अ' ला जास्तीत जास्त कोणते उत्तर देता येईल? क ला 'होय' केले तर यादीत 'अ' दिसेल का? आणि 'ड' नावाच्या एखाद्या भागाने अशा वेळी 'अ' ची निवड केली, तर पडद्यावर काय येईल?